विश्लेषण : मराठीतून पदवी, मग ‘एलएलबी’… इंग्रजीची धास्ती किती खरी?

पनवेल तालुक्यातील ओवे गावातून न्यायालयाकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत. एक पनवेलच्या आणि पुढे अलिबागच्या जिल्हा न्यायालयाकडे जाते. तिथल्या कामकाजाची भाषा मराठी. दुसरी मुंबईत फोर्टमधील उच्च न्यायालयाकडे जाते. तिथली भाषा इंग्रजी. मराठीतून पदवी घेऊन तीन वर्षांच्या ‘एलएलबी’ला प्रवेश घेऊ पाहणाऱ्याला बहुतेकदा ही दुसरी वाटच दिसते. सगळे इंग्रजीत असेल, वर्गात मलाच कळणार नाही, तोंड उघडले तर हसतील, या विचाराने अनेक जण अर्ज भरण्याआधीच माघार घेतात. या धास्तीत खरे किती, ऐकीव किती आणि पहिल्या सत्रात नेमके काय करता येते?

प्रवेशापासून सनदेपर्यंत इंग्रजी कुठे लागते?

राज्यातील तीन वर्षांच्या विधी पदवीसाठी सीईटी कक्षाची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असते. इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत असतो. त्यासाठी पदवी कोणत्याही शाखेची चालते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पदवीला खुल्या गटासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. पदवी कोणत्या माध्यमातून घेतली, ही अट त्यात नाही.

वर्गात मात्र चित्र मिश्र असते. पुस्तके, कलमे आणि निकालपत्रे प्रामुख्याने इंग्रजीत, तर शिकवणे अनेक महाविद्यालयांत इंग्रजी-मराठी-हिंदी असे सरमिसळ. परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिणारे विद्यार्थीही राज्यात आहेत. पण प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत मिळते का, भाषेचा पर्याय कधी नोंदवायचा, तो मध्येच बदलता येतो का, हे विद्यापीठाच्या नियमावर ठरते. प्रवेश घेण्यापूर्वीच महाविद्यालयाच्या कार्यालयात हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

पदवीनंतर वकिली करण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १०० बहुपर्यायी प्रश्नांची ही परीक्षा इंग्रजीखेरीज अनेक भारतीय भाषांत घेतली जाते आणि त्यात मराठी आहे. म्हणजे सीईटी आणि बार परीक्षा या दोन्ही दारांवर मराठी चालते. अडचण मधल्या तीन वर्षांत येते.

न्यायालयात कोणती भाषा चालते?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांचे कामकाज, संसद अन्यथा ठरवत नाही तोवर, इंग्रजीत चालते. राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपालांना उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याच्या भाषेचा वापर करण्यास परवानगी देता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या राज्यांत हिंदीसाठी अशी परवानगी मिळाली. मुंबई उच्च न्यायालयात मराठीसाठी ती नाही.

खालच्या न्यायालयांचे गणित वेगळे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ नुसार आणि फौजदारी प्रक्रियेतील तशाच तरतुदीनुसार ही भाषा राज्य सरकार ठरवते. महाराष्ट्र सरकारने जुलै १९९८ मध्ये अधिसूचना काढून उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील दिवाणी व फौजदारी न्यायालयांची भाषा मराठी केली. प्रत्यक्षात अनेक न्यायालयांत अर्ज, युक्तिवाद आणि निकाल दोन्ही भाषांत होतात. तरी साक्षीदार मराठीत बोलतो, फिर्याद मराठीत असते, पंचनामा मराठीत असतो.

सामान्य माणसाच्या बहुतेक खटल्यांची सुरुवात याच न्यायालयांत होते. नव्या वकिलाची सुरुवातही सहसा इथेच होते.

मग धास्ती नेमकी कशाची?

समजा, ओवे परिसरातली एक तरुणी आहे. घरातली पहिली पदवीधर, बी.कॉम. मराठीतून. नवी मुंबईसाठी सिडकोने ज्या पट्ट्यातील गावांच्या जमिनी घेतल्या, त्या पट्ट्यातले हे घर. आजोबांच्या नावचे नोटिसांचे आणि मोबदल्याचे कागद एका पिशवीत वर्षानुवर्षे पडून आहेत. ते वाचता यावेत, त्यांचा अर्थ कुणाला तरी पैसे देऊन विचारावा लागू नये, म्हणून तिला वकील व्हायचे आहे. तिला ‘इंग्रजीची भीती’ वाटते, असे आपण म्हणतो. पण ती एकच भीती नसते.

पहिली भीती वाचनाची : वीस पानांचे निकालपत्र संपवायला तिला तीन रात्री लागतात, शेजारच्या मुलाला एक. दुसरी लेखनाची : उत्तर माहीत असते, वाक्य जुळत नाही. तिसरी बोलण्याची : शिक्षकांनी प्रश्न विचारला की ती खाली बघते. या तिन्हींचे उपाय निराळे आहेत. वाचन सरावाने वाढते, लेखन साच्याने सुधारते आणि बोलण्याला सर्वाधिक आड येते ती लाज. तिन्हींवर ‘इंग्रजी सुधारा’ असा एकच सल्ला दिला आणि स्पोकन इंग्लिशचा वर्ग लावला, तर पैसे जातात आणि निकालपत्र पूर्वीइतकेच अवघड राहते.

यातली सर्वात महागात पडणारी भीती तिसरी. वाचन मागे पडले तर एक विषय राहतो, तो पुन्हा देता येतो. पण प्रश्न विचारायचे बंद झाले की न कळलेले साचत जाते. ती मूट कोर्टसाठी, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी, नाव देत नाही. चांगल्या वकिलाकडे उमेदवारी मागायला जात नाही. पदवी मिळते, पण आत्मविश्वास पहिल्या वर्गातच राहून जातो.

कायद्याची इंग्रजी इतकी अवघड का असते?

कारण ती बोलीतली इंग्रजी नाही. ती इंग्रजांनाही परकी वाटत आली आहे. इंग्लंडच्या न्यायालयांत एके काळी फ्रेंचचा एक प्रकार आणि लॅटिन चालत असे. १३६२ च्या कायद्याने तोंडी कामकाज इंग्रजीत करण्याचे ठरले, पण नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या. न्यायालयीन कागदपत्रे इंग्रजीतच हवीत, हा नियम लागू व्हायला १७३३ साल उजाडले. लोकांना आपल्याच खटल्याचे कागद कळत नाहीत, ही तक्रार तेव्हा लंडनमध्येही होती. १९९९ मध्ये तिथे नवे दिवाणी नियम लागू झाले, तेव्हा दावा करणाऱ्यासाठीचा ‘प्लेंटिफ’ हा जुना शब्दही सोपेपणासाठी काढून ‘क्लेमंट’ करण्यात आला. आपल्याकडे तो जुना शब्द अजून चालतो.

दुसरे कारण म्हणजे ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार, हे शाळेत शिकलेले. करार कायद्यात तो असतो प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला. ‘सूट’ म्हणजे दावा, ‘रिलीफ’ म्हणजे मागितलेली दाद, ‘प्रेयर’ म्हणजे अर्जातली विनंती, ‘मायनर’ म्हणजे अज्ञान व्यक्ती, ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे दस्तऐवज. ‘एक्झिक्युशन’ हा शब्द कधी दस्त करून देण्यासाठी येतो, कधी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी. मोबाइलवरील भाषांतराच्या अॅपने तिथे ‘फाशी’ असे दाखवले, तर नवख्याला चूक कळतही नाही.

इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थीही इथे नवखाच असतो. उलट, शब्द ओळखीचा असल्याने तो शब्दकोश उघडत नाही आणि चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. पहिल्या महिन्यात दोघांमधले अंतर वाटते तेवढे नसते. ते खरे वाढते वाचनाच्या वेगात, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

मराठी विद्यार्थ्याकडे आणखी एक शिदोरी असते, तिची त्याला जाणीव नसते. वकील, दावा, फिर्याद, जामीन, तारीख, कैफियत, हुकूमनामा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी माणसाने पचवले. ज्या घराने जमिनीचा एखादा दावा पाहिला आहे, त्या घरातल्या मुलीला ‘रिटन स्टेटमेंट’ म्हणजे लेखी कैफियत, एवढे सांगितले की पुरते. संकल्पना तिच्याकडे आधीच असते, तिला फक्त दुसरे नाव शिकायचे असते.

आधी कोणते शब्द शिकावेत?

अवघड नामांपेक्षा कलमातले जोडशब्द आधी शिकावेत. कलमाचा अर्थ तेच फिरवतात.

‘शॅल’ आले की सहसा बंधन, ‘मे’ आले की सहसा मुभा. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे ‘च्या अधीन राहून’ : हे कलम दुसऱ्यापुढे नमते घेते. ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ : हे कलम दुसऱ्यावर मात करते. ‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणजे परंतुक, मूळ नियमाला जोडलेला अपवाद किंवा अट. ‘डीम्ड’ म्हणजे ‘असे मानण्यात येईल’, प्रत्यक्षात तसे असो वा नसो. ‘विदाउट प्रेज्युडिस टू’ म्हणजे ‘ला बाधा न आणता’. ‘अँड’ असेल तर सर्व अटी पूर्ण व्हायला हव्यात, ‘ऑर’ असेल तर एक पुरते.

हे आठ-नऊ शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. लांबलचक कलम समोर आले की आधी या शब्दांना गोल करावे, मग कर्ता शोधावा, मग क्रियापद. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. पण कायद्याच्या इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तीन-चार ओळींच्या अटी घुसलेल्या असतात. मराठी वाचकाची दमछाक होते ती बरेचदा इथे. त्या अटींना पेन्सिलीने कंस करून वाक्य आधी त्यांच्याशिवाय वाचावे. सांगाडा दिसला की अटी एकेक करून परत घालाव्यात.

निकालपत्र कसे वाचावे?

सुरुवात प्रसिद्ध निकालांपासून करू नये. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा मताने दिला. घटनेच्या अभ्यासात त्याला पर्याय नाही, पण त्याची शेकडो पाने पहिल्या महिन्यात उघडली तर कुणीही घाबरेल. आधी लहान, एका मुद्द्याचे निकाल घ्यावेत.

वाचताना पाच प्रश्न समोर ठेवावेत. कोण कोणाविरुद्ध? घडले काय? न्यायालयापुढे प्रश्न कोणता? निर्णय काय? आणि तो कोणत्या कारणाने? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे निकालाचा गाभा, तोच पुढच्या खटल्यांना लागू होतो. न्यायमूर्तींनी ओघात केलेले भाष्य त्यापासून वेगळे ठेवावे. निकालाच्या वर छापलेला सारांश वाट दाखवण्यासाठी चांगला. पण तो सहसा संपादकाने लिहिलेला असतो, तो निकालाचा भाग नसतो, हे लक्षात असू द्यावे.

या पाच प्रश्नांची उत्तरे आधी मराठीत लिहावीत, त्यात कमीपणा काही नाही. समजले की नाही, हे स्वतःच्या भाषेत सांगता आले तरच कळते. मग तीच पाच उत्तरे साध्या इंग्रजीत उतरवावीत. सुरुवातीला एका निकालाला तीन तास लागतील. सत्र संपेपर्यंत तो वेळ बराच उतरलेला असतो, कारण निकालांची मांडणी आणि त्यातले ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात.

उत्तर लिहिताना इंग्रजी कशी सांभाळावी?

कायद्याच्या उत्तराला साचा असतो : मुद्दा, नियम, वस्तुस्थितीला नियम लावणे आणि निष्कर्ष. हा साचा भाषेत कच्च्या असणाऱ्याचा मोठा आधार आहे.

उदाहरण घेऊ. सतरा वर्षांच्या मुलाने आपली स्कूटर विकण्याचा करार केला आणि २० हजार रुपये आगाऊ घेतले. नंतर त्याने स्कूटर देण्यास नकार दिला. खरेदीदार करारानुसार स्कूटर मागू शकतो का?

मुद्दा : हा मुलगा करार करण्यास सक्षम होता का? नियम : भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १० नुसार वैध करारासाठी पक्षकार सक्षम हवेत, आणि कलम ११ नुसार त्यासाठी ते सज्ञान हवेत. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल ठरवला. लावणे : मुलगा १७ वर्षांचा, म्हणजे अज्ञान. निष्कर्ष : करार रद्दबातल, त्याच्या आधारे स्कूटर मागता येत नाही.

हे इंग्रजीत लिहायला पाच-सहा छोटी वाक्ये पुरतात. एका वाक्यात एक गोष्ट, एक कर्ता, एक क्रियापद. परीक्षकाला हवे असते ते योग्य कलम, योग्य निकाल आणि नियम वस्तुस्थितीला लावून दाखवणे. अलंकारिक इंग्रजीत लिहिलेली दोन पाने, ज्यात कलम ११ चा उल्लेखच नाही, या सहा वाक्यांपुढे टिकत नाहीत. उत्तरे मराठीतून लिहिणाऱ्यांनाही हाच साचा उपयोगी पडतो. फक्त पारिभाषिक शब्द पहिल्यांदा आला की त्याचे रूढ इंग्रजी नावही शेजारी लिहावे, म्हणजे परीक्षकाचा गोंधळ होत नाही.

वर्गात बोलायचे कसे?

सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांपुढील सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण होते. मोबाइलवर त्यातील अर्धा तास ऐकावा. देशातले नामवंत वकील तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी वळणाची इंग्रजी बोलतात. ते अडखळतात, वाक्य अर्धे सोडतात, पुन्हा सुरुवात करतात. न्यायमूर्ती उच्चारांना हसत नाहीत, ते विचारतात, ‘कलम कोणते, परिच्छेद कोणता?’

पहिल्या महिन्यात स्वतःला एकच नियम घालावा : आठवड्यातून एक प्रश्न, आधी वहीत लिहून, मग वर्गात वाचून विचारायचा. प्रश्न इंग्रजीत जमला नाही तर ‘सर, मराठीत विचारू का?’ एवढे विचारावे. बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. वर्गातले आणखी चार जण त्याच उत्तराची वाट पाहत असतात.

‘मायलॉर्ड’ म्हणताना जीभ अडखळते, अशीही एक भीती असते. बार कौन्सिलच्या २००६ च्या नियमानुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयात ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणता येते, आणि खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला तसा शब्द. म्हणजे ‘साहेब’ म्हणायला नियमाची हरकत नाही.

मराठीत अभ्याससाहित्य किती? त्यावर किती विसंबावे?

समजतो त्याहून बरेच आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ ही पहिली खरेदी असावी. इंग्रजी संज्ञेला प्रमाण मराठी प्रतिशब्द त्यात मिळतो. राज्यघटना मराठीत आहे. अनेक केंद्रीय कायद्यांचे मराठी प्राधिकृत पाठ उपलब्ध आहेत, त्यांना १९७३ च्या एका केंद्रीय कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने भाषांतरासाठी ‘सुवास’ ही संगणकप्रणाली २०१९ मध्ये आणली आणि २६ जानेवारी २०२३ पासून निवडक निकाल भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले, त्यात मराठीही आहे. ही भाषांतरे समजून घेण्यासाठी आहेत, न्यायालयात आधार मूळ इंग्रजी निकालाचाच घ्यावा लागतो.

सावध राहायचे ते बाजारातल्या जुन्या गाइडांपासून. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये आहे. स्वस्तात मिळालेल्या मराठी गाइडात जुनेच आकडे असतील तर पाठांतर वाया जाते. मात्र १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू असल्याने पुढची काही वर्षे वकिलाला दोन्ही माहीत असावे लागतील.

मराठी चांगली असण्याचा फायदा काय?

पनवेल-उरण पट्ट्यात याचे उत्तर जमिनीच्या कागदांत आहे. सातबारा, फेरफार, वारस नोंद, हक्कसोड पत्र, पोटखराबा, कूळ, वहिवाट हे शब्द कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकातून नीट कळत नाहीत. ‘मालकी’, ‘ताबा’ आणि ‘वहिवाट’ यांत फरक आहे. कूळ म्हणजे इथे घराणे नव्हे, तर कूळकायद्यातला कसणारा. खटला पनवेलहून उच्च न्यायालयात गेला की या कागदांचे आणि साक्षींचे इंग्रजी भाषांतर होते. साक्षीदाराने ‘वहिवाट आमची’ म्हटले आणि भाषांतरात ‘मालकी’ उतरली, तर दाव्याचा पायाच बदलतो. ही चूक पकडायला दोन्ही भाषा जाणणारा वकीलच लागतो.

याच भागातील जमिनीच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील शेतकरी कुटुंबातले आणि शिक्षणाने वकील. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचा बळी गेला आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. रस्त्यावरची मागणी कागदावरच्या हक्कात उतरवायची, तर गावाची भाषा आणि कायद्याची भाषा दोन्ही कळणारी माणसे लागतात.

न्यायाधीश व्हायचे असेल तर राज्याच्या न्यायिक सेवा नियमांत मराठी लिहिता-वाचता-बोलता येण्याची आणि मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत सहज भाषांतर करता येण्याची अट आहे. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीचीही अट पुन्हा आली. ती तीन वर्षे अनेकांची तालुका न्यायालयात, म्हणजे मराठीतच जातील.

देशाचे ५२वे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई मराठी माध्यमात शिकलेले. जुलै २०२५ मध्ये गिरगावातील चिकित्सक समूहाच्या आपल्या जुन्या शाळेत ते गेले, तेव्हा मातृभाषेत शिकल्याने संकल्पना पक्क्या होतात, असा अनुभव त्यांनी सांगितला. एका उदाहरणाने सगळ्यांची वाट सोपी होत नाही. मराठी शाळा आणि न्यायालयाचे सर्वोच्च पद यांत अंतर आहे, पण भिंत नाही, एवढे त्यातून कळते.

अडचण कुठे उरते?

धास्तीचा काही भाग खरा आहे आणि तो विद्यार्थ्याच्या मेहनतीने पुसला जाणार नाही. उच्च न्यायालयात इंग्रजीशिवाय वकिली शक्य नाही. मोठ्या विधी संस्थांतील नोकऱ्यांत पहिली चाळणी इंग्रजीची असते. ताज्या निकालांवर मराठीत चांगली पुस्तके कमी आहेत. मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्याला प्रश्नपत्रिकेतले मराठी भाषांतर कधी कधी मूळ इंग्रजीहून दुर्बोध वाटते. महाविद्यालयांनी पहिल्या सत्रात केवळ कायद्याच्या वाचनासाठी आठवड्याला दोन तास ठेवले, दोन्ही भाषांतील संज्ञांची यादी पहिल्याच दिवशी हातात दिली आणि मूट कोर्टची एक फेरी मराठीत घेतली, तर यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागणार नाही.

तोवर ओवेच्या त्या तरुणीसाठी पहिल्या सहा महिन्यांचे काम एवढेच : रोज एक कलम दोन्ही भाषांत, आठवड्याला एक लहान निकाल, आठवड्याला एक प्रश्न मोठ्याने. आणि सत्र संपले की आजोबांची ती पिशवी उघडून वरचा एक कागद घ्यायचा. त्यातले ‘शॅल’ कुठे आहे, ‘सब्जेक्ट टू’ कुठे आहे आणि मोबदल्याची मुदत कोणती, हे शोधायचे आणि घरच्यांना मराठीत समजावून सांगायचे. अभ्यास किती झाला, हे त्यांच्या पुढच्या प्रश्नांवरून कळेल.